नाव घ्यायची सोय

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट असतो. हातात धरता येईल अशी एक वस्तू तयार करायची, तिला मोबाईलमधलं ॲप जोडायचं आणि दोघांनी मिळून समाजाचं काहीतरी भलं करायचं. विषय जाहीर झाला त्या दिवशी वर्गातली सगळी मुलं समाज शोधायला पुण्यात बाहेर पडली. मी होस्टेलवर जाऊन झोपले. माझा समाज वडगाव रासाईला होता, भीमेच्या काठी, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

म्हणजे माझे आजोबा. नाव पोपटराव, वय चौऱ्याहत्तर, सगळा गाव आबा म्हणतो.

आबांचा कान एकदम गेला नाही. पंधरा-सोळा वर्षांत थोडा थोडा गेला, त्यामुळे तो गेलाय हे त्यांनी कधी मान्यच केलं नाही. त्यांनी एक युक्ती काढली. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की "व्हय" म्हणायचं. या एका शब्दावर त्यांनी दहा वर्षं काढली. गावात प्रत्येकाला वाटतं की आपलं म्हणणं पटणारा शहाणा माणूस एकच, तो म्हणजे आबा. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी त्यांना आपला माणूस धरलं होतं आणि निकालाच्या दिवशी दोघांनीही त्यांना गुलाल लावला. हरलेल्यांनी कशाबद्दल लावला ते मला अजून कळलेलं नाही.

कानाचं मशीन आणून झालं होतं. आबांनी ते अडीच तास लावलं. "समद्या गावानं एकाच टायमाला माझ्या कानात भांडी घासाया काढली," म्हणाले आणि मशीन डबीत घालून कपाटात ठेवलं. ते तिथेच आहे.

आबांचा सगळा जीव रानात. घरामागून वाट जाते, चालत दहा मिनिटं. ऊस आमचाही आहे, पण तो पप्पांच्या हौसेचा. "उसाला काय, एकदा लावला की वरीसभर माणूस मेला का जगला इचारत न्हाई," असं आबा म्हणतात. त्यांचं प्रेम अर्ध्या एकरातल्या कोथिंबीर-मेथीवर. त्या वाफ्यांतून कावळा चालत गेला तरी ते उठून त्याला बांधाबांधाने जायला लावतात.

फेब्रुवारीत एक प्रकार झाला. शेजारचा हौशीराम ट्रॅक्टर मागे घेत होता. ट्रॉलीच्या मागे, बांधाला टेकून, आबा जुड्या बांधत बसलेले. हौशीरामने हॉर्न दिला, ओरडला, परत हॉर्न दिला आणि म्हातारा उठला असणार असं समजून ट्रॉली घेतली मागे. नशिबाने आरशात त्याला पांढरा पटका दिसला. ट्रॉली थांबली तेव्हा चाक आणि आबा यांच्यात वीतभर अंतर होतं. आबांनी वळून पाहिलं. चाक दिसलं, खाली उतरून थरथरत काहीतरी बोलणारा हौशीरामही दिसला. त्याचं बोलून झाल्यावर आबा म्हणाले, "व्हय."

माझे पप्पा, रविराज, रांजणगावला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. सेफ्टीचे बोर्ड वाचून वाचून ते घरातही तसंच बोलतात. रविवारी आले आणि उभ्या उभ्या निकाल दिला. "आबांचं रान बंद. पाडव्याला वाट्यानं हौशीरामला देऊन टाकू. हाक मारल्याली ऐकू जात न्हाई असा माणूस एकटा रानात ठिवायचा न्हाई."

आमच्याकडे रान वाट्याने द्यायचं, म्हणजे दुसऱ्याने कसायचं आणि पीक वाटून घ्यायचं, ते पाडव्याला ठरतं; मालकाने नारळ घेतला की पुढच्या पाडव्यापर्यंत मोडत नाही.

या वेळी आबा "व्हय" म्हणाले नाहीत. न ऐकताही त्यांना सगळं कळलं असावं. ते उठून ओट्यावर जाऊन बसले आणि जेवायला बोलावलं तरी वळले नाहीत. मला पप्पांचा भयंकर राग आला. त्यांचं काही चुकत नव्हतं, त्याचा तर आणखीनच आला.

"हाक पोचली तर?" मी विचारलं.

"पोचती करून दाखव. पाडव्याच्या आत. हाक मारल्यापासून पंधरा मिनिटांत माणूस दारात दिसला पाहिजे."

तर असा माझा प्रोजेक्ट ठरला. मी मनगटात घालायचं एक कडं केलं. काळं, रबराचं, आत सिमकार्ड आणि थरथरणारी एक छोटी मोटर. ॲप आजीच्या फोनमध्ये. आजीने घरी बटण दाबलं की रानात आबांचं मनगट थरथरणार. माझे गाईड सुदर्शन सर म्हणाले, "युजर घरातला असला की आपण त्याला गृहीत धरतो, सायली. नीट अभ्यास कर." मी चाळीस पानांचा अभ्यास केला होता. आबा किती वाजता उठतात, कुठल्या बांधावर बसतात, कुठल्या हाताने विळा धरतात, सगळं. मला सरांचा उपदेश मुळीच आवडला नाही.

आता आजी. साळूबाई. खरं तर ही सगळी तिचीच हकिगत आहे.

आजीच्या हाताला सतत काहीतरी लागलेलं असतं. पीठ, शेण, हळद, नाहीतर साबण. ती बटण दाबायची आणि फोनला ते कळायचंच नाही. तिच्या बोटांच्या रेषा कामाने इतक्या झिजल्यात की रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा चौथ्या खेपेला उमटतो. दोन दिवस तिने कोपराने, लाटण्याने आणि एकदा गवारीच्या शेंगेने बटण दाबून पाहिलं. मग फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवापुढे ठेवून दिला.

मी म्हटलं, ठीक आहे, बटण नको. आवाज. फोन कापडी पिशवीत घालून आजीच्या गळ्यात अडकवायचा. तिने नाव घेतलं की फोनने ते ओळखायचं आणि कडं थरथरवायचं. हात मोकळेच्या मोकळे. मी स्वतःवर फार खूश झाले. फोनला आवाजाची ओळख व्हावी म्हणून आजीने दहा वेळा नाव बोलून दाखवायचं, एवढंच बाकी होतं.

"आजी, म्हण. पोपटराव."

"कुणाला?"

"आबांना हाक मारतेस असं समज आणि म्हण. पोपटराव."

आजीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "त्यांचं नाव घिऊ? मी? कॉलिजात ह्येच शिकिवत्यात व्हय गं?"

चाळीस पानं अभ्यास केलेल्या माझ्या ध्यानात एवढं आलं नव्हतं की पंचावन्न वर्षांच्या संसारात माझ्या आजीने माझ्या आजोबांना एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मतदानाला नवऱ्याचं नाव विचारलं तर ती शेजारच्या शेवंताबाईकडे बघते आणि शेवंताबाई सांगते. बँकेत विचारलं तर आबांकडे बोट करते. इतकंच काय, पेरूवर येऊन बसणाऱ्या हिरव्या पक्ष्यालाही ती राघूच म्हणते. राघू म्हणणं हे तिच्या भागातलं बोलणं असेल अशी माझी समजूत होती.

"मग तू त्यांना हाक कशी मारतेस?"

"मारती की. अवं म्हणती."

मी फोनला "अवं" शिकवलं. ही माझी चूक आमच्या गल्लीत कायमची लक्षात राहील. आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत आणि अकरा घरांत अकरा बायका दिवसभर "अवं" म्हणतात. शेवंताबाईचा आवाज तर भिंतीतून असा येतो की आमच्या घरात तिचं भांडण तिच्या नवऱ्याआधी आम्हाला कळतं. दुपारपर्यंत आबा रानातून आठ वेळा घरी आले. दर वेळी दारात उभं राहून "काय?" म्हणायचे, आजी "कुठं काय?" म्हणायची, आबा "व्हय" म्हणून परत जायचे. नवव्या वेळी ते आलेच नाहीत. कडं त्यांनी गायीच्या शिंगाला बांधलं होतं. ते थरथरलं, गाय दावं तोडून सुटली आणि हौशीरामच्या मक्यात शिरली.

ओढत ओढत गाय परत आणताना मला रडू यायचं बाकी होतं. पाडवा वीस दिवसांवर आला होता.

त्या संध्याकाळी शेवंताबाई ओट्यावर येऊन बसली. सगळी कहाणी तिने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत ऐकली आणि म्हणाली, "आगं, नाव घ्याचंच न्हाई असं कुठं हाय? उखाण्यात घेत्यातच की."

मी आजीकडे पाहिलं. आजी लाजली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या आजीला लोक मुद्दाम शेवटी नाव घ्यायला लावतात, कारण तिच्यानंतर कोणी घेतलं तर फिकं पडतं. तिचं माहेर नदीपलीकडचं, खुटबावचं. तिकडच्या बायका म्हणे उखाण्यावर भांडणं मिटवायच्या.

"घे बरं एक," मी फोन पुढे केला.

आजीने घसा साफ केला, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"भीमेच्या काठाला लव्हाळ्याचं बेट,
पोपटराव, जेवाया या, घराकडं थेट."

काय सांगू, मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. "हाच," मी म्हटलं. "हाच आता अजून नऊ वेळा म्हण."

"ह्योच?"

"हाच. तोच तोच पाहिजे फोनला."

"एकदा घेतल्याला उखाणा परत घिऊ? उष्टं वाढू व्हय मी पंगतीला?" आजी खरोखरच दुखावली. तिने नऊ नवे घेतले. त्यात एक हौशीरामच्या मक्यावरही होता.

मी हात टेकले आणि फोनला एकच गोष्ट शिकवली: बाकी ही बाई काय म्हणेल ते म्हणेल, तू त्यातलं फक्त "पोपट" धर. पोपटराव, पोपटरावांनी, पोपटरावांचं, काहीही असो. इतर बायका आबा म्हणतात, आजी पक्ष्याला राघू म्हणते, त्यामुळे तो शब्द आमच्या गल्लीत दुसरं कोणीच उच्चारत नव्हतं. यंत्राला याहून सोयीचा शब्द मला सापडला नसता.

कडं बरोबर थरथरायला लागलं. मात्र आबांना ते कशासाठी थरथरतंय हे कळायचं नाही. येताना मेथी आणा एवढ्यासाठी दहा मिनिटं चालत यायचं आणि मेथी आणायला परत जायचं, यावरून दोघांत कडाक्याचं भांडण झालं. म्हणून मी आणखी एक भर घातली. नावाच्या आधीच्या पंधरा सेकंदांत आणि नावानंतर ओळ संपेपर्यंत आजी जे बोलली असेल ते मोठ्या अक्षरांत आबांच्या फोनवर उमटायचं. त्यांच्याकडे पप्पांनी दिलेला मोठा फोन होता, त्यावर ते फक्त मंडईचे भाव बघायचे. त्याची एक प्रत माझ्याही फोनवर यायची, प्रोजेक्टच्या नोंदीसाठी.

पहिला आला तेव्हा मी मुद्दाम आबांबरोबर रानात होते. मनगट थरथरलं. आबांनी चष्मा लावला. चौथी शिकलेत, अक्षराखाली बोट धरून वाचतात.

"पाटसच्या कारखान्याला चालली उसाची गाडी,
पोपटराव, येताना आणा मेथीची जुडी."

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अजून घेती व्हय ही?"

आजी उखाणे घ्यायची थांबलीच नव्हती. आबांनाच ते पंधरा वर्षांत ऐकू आले नव्हते. त्यांना वाटलं होतं, वय झालं, सोडून दिलं असेल. आजीला वाटलं होतं, हे ऐकतात आणि मुद्दाम गप्प बसतात. आबांनी जुडी बांधली, जरा मोठीच बांधली.

त्यानंतर आमच्या घरात जी मजा सुरू झाली तिला तोड नव्हती. हाक मारायची असली की आजी अंगणात येऊन उभी राहायची आणि गल्लीतल्या बायका भाजी निवडायला नेमक्या त्याच वेळी ओट्यावर यायच्या. मला पुण्यात वर्गात बसल्या बसल्या प्रती यायच्या. कधी बातमी असायची: "खुटबावचं माहेर माझं, मधी भीमेचं पाणी, पोपटराव, गाय सुटली, खाती पेंडीची गोणी." कधी सकाळचं भांडण पुढे चालू असायचं: "आमटीत पडलं मीठ, त्याला मी करू काय उपाय, पोपटरावांनी फुगवलं तोंड, माझं गेलं काय." मी लेक्चरला फिस्सकन हसायचे आणि सर माझ्याकडे बघायचे.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी परीक्षा ठरली. पप्पा रांजणगावहून आले, सुदर्शन सर पुण्याहून. पप्पांनी घड्याळ काढून हातात धरलं. आजी नवं लुगडं नेसून अंगणात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"पुण्याचं पाव्हणं आलं, त्यास्नी अंथरली सतरंजी,
पोपटराव, या लवकर, करू नका मनमर्जी."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कडं थरथरलं, मजकूर पोचला, माझ्या फोनवर प्रत आली. आणि आम्ही वाट बघत बसलो. पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. सर दुसऱ्यांदा चहा प्यायले. चाळिसाव्या मिनिटाला आबा सावकाश आले, हातात कोथिंबीर, तोंडभर हसू. त्यांनी उखाणा वाचला होता, मग हौशीरामला वाचून दाखवला होता, मग हातातला वाफा पुरा केला होता.

"हाक पोचली," पप्पा घड्याळ खिशात ठेवत म्हणाले. "माणूस न्हाई पोचला."

सरांनी मला बाजूला घेतलं. "गंमत आहे, सायली, पण एका हाकेला पंधरा सेकंद? उद्या खरंच काही झालं तर ही बाई यमक जुळवत बसणार का? उखाणा काढ. लाल बटण दे." मी म्हटलं, "सर, तसं काही होणार नाही." हे मी कशाच्या आधारावर म्हटलं ते मला ठाऊक नाही. नुसता हट्ट होता तो.

आबांना निकाल सांगावा लागला नाही. पप्पांच्या तोंडाकडे बघून ते ओट्यावर गेले आणि पाठ करून बसले. अर्ध्या एकराची ती कोथिंबीर त्यांची शेवटची, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं.

बुधवारी दुपारी मी वर्गात होते. फोन वाजला. आजीची प्रत होती, म्हणून मी हसायच्या तयारीनेच उघडली.

"न्हाणीच्या दाराला तांब्याची धार... धार... आई गं... मेलं जुळतच न्हाई... आई गं... पोपट."

मी ते तीनदा वाचलं. हसू आलं नाही. तिथे पोपटराव नव्हतं, नुसतं पोपट होतं.

आजीला फोन लावला. उचलेना. शेवंताबाईला लावला, ती लग्नाला दौंडला गेलेली. पप्पा मीटिंगमध्ये. हौशीराम ट्रॅक्टरवर, त्याला रिंग ऐकू गेली नाही. आणि आबांना तर फोन करून उपयोग नव्हता; लिहून पाठवलं तरी कडं थरथरल्याशिवाय ते फोन काढत नसत, आणि कडं थरथरायचं फक्त आजीच्या हाकेला. मी सगळी विद्या पणाला लावून ज्या माणसापर्यंत हाक पोचवली होती, त्याला मी साधं "आजीला बघा" एवढंही सांगू शकत नव्हते. तो चाळीस मिनिटांनी हसत हसत येतो हे मला माहीत होतं. मी वर्गाबाहेर जिन्यात बसले आणि देवाला खरंच नवस बोलले. काय बोलले ते सांगणार नाही.

नवव्या मिनिटाला हौशीरामचा फोन आला. धापा टाकत होता. "सायली, भिऊ नकू. म्हातारी न्हाणीत घसरलीया, पाय मोडलाय, बाकी शुद्धीत हाय. आबा पोचल्यात."

"कधी?"

"आगं, कवाच! मी ट्रॅक्टर घिऊन माघारी निघालो तर म्हातारं माझ्या म्होरं! अनवाणी! आन् कोथिंबिरीतनं गेलं गं, सरळ वाफ्यातनं, बांधबिंध काय बघितला न्हाई. समदी तुडविली."

पारगावच्या पुलावरून त्यांनी आजीला केडगावच्या दवाखान्यात नेलं. पप्पा आणि मी पोचलो तेव्हा आजीच्या पायाला प्लास्टर झालं होतं आणि आबा खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. त्यांच्या दोन्ही पायांना अजून चिखल होता. आजीने मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं, पाय दुखतोय.

"शेवंताबाईला सांगू नकू," ती कुजबुजली.

"पडलीस ते?"

"न्हाई गं. नाव घेतलं ते. नुसतं. राव बी लावलं न्हाई." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "लई जुळिवलं. धार म्हणलं आन् म्होरं काय सुचंच ना. पाय असा ठणकत व्हता."

"अगं, मग सरळ हाक मारायची ना आधीच!"

"सवय न्हाई," आजी म्हणाली.

पप्पांनी आबांच्या फोनवर मोठ्या अक्षरांत टाइप केलं: "एवढ्या लवकर कसे काय आलात?" त्या दिवशीची चाळीस मिनिटं त्यांच्या मनातून गेली नव्हती. आबांनी बोट धरून वाचलं.

"त्या दिशी चांगला उखाणा व्हता," ते म्हणाले. "एवढं यमक जुळिवतीया म्हंजी घरी समदं बेस हाय. मग घाई कशाला? आज बघितलं तर नुसतं पोपट." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "मला नुसतं पोपट म्हणणारी माझी आई. ती जाऊन चाळीस वरसं झाली. तवाधरनं कुणी म्हणलं न्हाई. ते वाचलं आन् मी काय पळालो न्हाई, पायच पळालं."

हे सगळं ते दवाखाना दणाणेल अशा आवाजात बोलले, कारण त्यांना आपला आवाज कळत नाही. वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी आजीकडे पाहिलं. आजीने पदर तोंडावर ओढून घेतला.

पप्पा मला म्हणाले, "तुझं कडं चालतंय." सेफ्टीच्या माणसाकडून याच्यापेक्षा जास्त मिळत नाही.

पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली. हौशीराम ठरल्याप्रमाणे नारळ घेऊन आला, पण ओशाळलेला होता. पप्पांनी आबांना फोनवर लिहून दाखवलं: "रान तुमच्याकडेच राहू द्या. मी काही म्हणणार नाही." या एका वाक्यासाठी मी महिनाभर गाय ओढण्यापासून सगळं केलं होतं.

आबांनी वाचलं. चष्मा काढला. हौशीरामच्या हातातला नारळ स्वतःच्या हाताने घेतला आणि म्हणाले, "आवंदा तू कर. मेथीला पाणी कमी देत जा. मला घरी काम हाय."

"आबा," पप्पा ओरडूनच म्हणाले, "प्लास्टर दीड महिन्याचं हाय, वरसाचं न्हाई!"

"व्हय," आबा म्हणाले.

त्यांना ऐकू आलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र चिडले. एवढा आटापिटा करून मिळवलेलं रान हा माणूस एका नारळावर दुसऱ्याच्या हातात देतो! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. सरांनी माझ्या प्रोजेक्टला "वापरायला वेळखाऊ" असा शेरा देऊन पास केलं.

परीक्षा संपवून मी घरी आले तेव्हा आजी खाटेवर, पाय उशीवर. आबा भाकरी सोडून बाकी सगळं करत होते. चहा, झाडलोट, गायीचं शेणपाणी. आजी म्हणाली, "समदं करत्यात. सारखं म्होरं म्होरं असत्यात. बोट केलं की कळतंय त्यास्नी." आणि मग जरा कुरकुरत, "आता कुठं गेल्यात कुणाला ठावं. हाक मारायचा ताप."

मी परसात गेले. परसाच्या पार टोकाला, शेवग्याखाली, आबांनी बाज टाकली होती. मनगटात कडं, मांडीवर फोन, डोळ्यांवर चष्मा. काम काही नव्हतं. मी फोनवर लिहून विचारलं, "इथे का बसलात? आजीला काही लागलं तर?"

"म्होरं बसलो की ती काय बोलतच न्हाई," आबा म्हणाले. "नुसतं बोट दावती."

तेवढ्यात घरातून आजीचा आवाज आला, चांगला खणखणीत:

"पायाला पलिस्तर, पडले मी खाटंवर,
पोपटराव लांब बसले, जीव न्हाई थाऱ्यावर."

कडं थरथरलं. आबांनी फोन डोळ्यांजवळ धरला, बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला, परत पहिल्यापासून वाचला. उठले नाहीत. मी त्यांचा दंड हलवला, घराकडे बोट केलं. ती बोलावतेय.

"व्हय," आबा म्हणाले. "अजून एक यिऊ दे."